बरणीतली पिल्लं

त्या राज्यात वाऱ्याला मनाई होती. ज्याच्या तोंडाला खिंडीतला वारा लागतो तो हातातलं काम टाकून खिंडीपलीकडे चालू लागतो आणि परत येत नाही, असा तिथल्या लोकांचा अनुभव होता. म्हणून खिडक्यांना काचा लावून वर पट्ट्या ठोकलेल्या असत आणि दारांना दुहेरी पडदे असत. मूल जन्मलं की गल्लीतल्या बाया कापूस घेऊन येत, घरातली फटन् फट बुजवत, आणि मगच नाव ठेवत. इतकी माया दुसऱ्या कुठल्याच राज्यात नसेल, असं ते म्हणत.

कोंदट घरांत माश्या फार. त्यावर उपाय म्हणून घरोघरी एकेक कोळी पाळलेला असे. खिंडीपलीकडून एक फिरता विक्रेता वर्षातून एकदा कोळी घेऊन यायचा. हौसाबाईच्या कोनाड्यातली मादी अशीच आली होती. तिचं नाव ठकी. हौसाबाईचा नवरा पडदा सरकल्याच्या एका दुपारी निघून गेला होता. तेव्हापासून घरात तिघीच होत्या: हौसाबाई, ठकी आणि लग्नाच्या वयाची मुलगी गोदा.

गोदा रोज दुपारी काचेला कपाळ टेकून खिंडीकडे बघत बसायची.

"आई, यंदा त्या कोळीवाल्याबरोबर जाऊ मी? बघून येते नि परत येते."

"बघू पुढे," हौसाबाई म्हणायची आणि पडद्याची कड चाचपून यायची.

एके सकाळी ठकीच्या पोटाखाली सुपारीएवढा पांढरा गोळा दिसला. ती त्याला आठही पायांनी कवटाळून बसली होती. समोर टाकलेली माशी तिने शिवलीसुद्धा नाही. हौसाबाई घाबरली. तिला वाटलं, गळू झालं. शेजारच्या बायजाकाकूंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि त्या हसतच सुटल्या.

"गळू कसलं, हौसे! अंडी आहेत ती. माहेराहूनच पोट घेऊन आली म्हणायची तुझी ठकी. आणि आपण मेल्या तिला एकटी, एकटी म्हणून हळहळत होतो!"

असं त्या राज्यात कधी घडलं नव्हतं. पण पिल्लं म्हटल्यावर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. हौसाबाईने ठकीला गोळ्यासकट मोठ्या काचेच्या बरणीत ठेवलं आणि तोंडावर दाट मलमल बांधली. बाया कापूस घेऊन आल्या. मलमलीच्या कडेने त्यांनी तो बोटाबोटाने दाबून बसवला. गूळ-खोबरं वाटलं. "आता नावं कशी ठेवायची गं एवढ्यांना?" असं म्हणत काकूंनी पाळण्याचं गाणंही म्हटलं.

दिवस भरले. गोळा फाटला आणि तिळाएवढी शेकडो पिल्लं बरणीभर पसरली. ठकी वाळून हलकी झाली होती. दोन दिवसांनी ती मेली.

पिल्लं भिंतीवरून वर चढली. मलमलीला चिकटून त्यांनी मागची बाजू उंचावली, एकेक धागा सोडला आणि ती थांबली. सगळी तशीच, न हलता. बाया हात जोडून म्हणाल्या, "बघा, जन्मल्या जन्मल्या नमस्कार करतात."

गोदा बराच वेळ पाहत राहिली. "नमस्कार नाही तो," ती हळूच म्हणाली. "आई, त्यांना वारा हवाय. धाग्यावरून उडून जायचंय त्यांना."

"एवढीशी पोरं वाऱ्यावर सोडू?"

"सोड ना. अजून वेळ आहे."

"बाहेर कोण आहे गं त्यांचं?"

"इथं तरी कोण आहे?"

 हौसाबाईने माश्यांचे पंख खुडले, त्या बारीक चिरल्या आणि बरणीत टाकल्या. पिल्लांनी तिकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी धागे गळून पडले. पाचव्या दिवशी एका पिल्लाने शेजारच्याला धरलं.

मग ते थांबलंच नाही. भूक असेल म्हणून हौसाबाईने आणखी खाणं टाकलं, दाटी असेल म्हणून आत काड्या उभ्या केल्या. रोज सकाळी पिल्लं कमी असत आणि उरलेली जरा मोठी. हौसाबाई बरणी मांडीवर घेऊन बसायची. मलमलीच्या गाठीवर तिचा हात कितीदा जायचा आणि माघारी यायचा. गोदा मधेच येऊन उभी राही. आधी ती रडायची, मग भांडायची. पुढे नुसती बघायची. कोळीवाला त्या वर्षी आला आणि गेला. गोदाने काही विचारलं नाही. दुपारची ती आता निजायची.

शेवटी एक उरलं. काळंभोर, चांगलं गरगरीत. बायजाकाकूंनी बरणीला हळदकुंकू लावलं. "एकच, पण कसं बाळसं धरलंय बघ! तुझ्या हातचं खाऊन."

त्या गेल्यावर हौसाबाईने बरणीत नीट पाहिलं. तळाशी पोकळ कातड्यांचा थर साचला होता, फुंकर घातली तर उडेल असा. तिने मलमल टराटरा फाडली. उठून दाराचे दोन्ही पडदे ओढून काढले. समोरच्या खिडकीच्या पट्ट्या उलथन्याने उपटल्या आणि काच खाली उतरवली. भरदुपारी वारा दारातून आत शिरला आणि घर ओलांडून खिडकीतून बाहेर जाऊ लागला.

कोळी बरणीच्या काठावर आला. एक पाय त्याने वाऱ्यात धरला. मग तो वळला आणि त्या थरावर जाऊन बसला.

"गोदा!" हौसाबाईने हाक मारली. "गोदा, उघडलंय बघ गं. जा, बाई. जा तू."

गोदा चुलीपाशी भाकरी भाजत होती. तिने मान वर केली नाही. "विस्तव विझेल, आई," ती म्हणाली आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा करून चुलीवर वाकली. तिचा अंबाडा सुटला होता. ती खाली बघत तशीच बसून राहिली, आणि तिच्या डोक्यावरचे केस मात्र एकेक करून उचलले गेले आणि लांबच लांब, खिडकीकडे ताणले गेले.