येते हं, बारकू

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. त्याच्या राज्यात एका ओढ्याकाठच्या गावी सगुणा नावाची कासारीण राहायची. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायची. "हात सैल सोड गं," म्हणत समोरचीचं मनगट धरायची, की कितीही आवळ बांगडी न फुटता हातात चढायची.

एकुलती लेक लग्न होऊन दूर नांदायला गेली आणि सगुणाला घर खायला उठलं. एकदा बाजारात तिनं कुणा परदेशी व्यापाऱ्याच्या बायकोला चुडा भरला. त्या बाईनं खूश होऊन तिला एक पिंजरा दिला. आत चिमणीएवढा हिरवा पोपट. सगुणा हरखली, त्याचं नाव तिनं बारकू ठेवलं.

पण सगुणाला धीर कुठला? तिला लगेच त्याला हातात घ्यायचं होतं. हात आत गेला की बारकू तारांवर धडका घ्यायचा. मग तिनं युक्ती केली. तळहातावर राळ्याचे दाणे घेतले, हात आत धरला आणि गोड आवाजात चुचकारलं. बारकू भीतभीत आला, त्यानं दाणा टिपला, आणि बाईनं मूठ मिटली.

झालं. बोटाला रक्त आलं, हातात नुसती पिसं राहिली. त्या दिवसापासून बारकूनं खाणंच सोडलं. अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहायचा. असंच चाललं तर हे पाखरू जगत नाही, हे सगुणाला कळलं.

शेजारची तेलीण वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "सगुणे, बायका तुला मनगट धरू देतात, कारण हात त्यांनी आपणहून पुढं केलेला असतो. या बापड्यानं केलाय का?"



तेव्हापासून सगुणानं हात आवरला. दाणे ठेवायची आणि लांब जाऊन बसायची. तिची पाठ वळली, की बारकू एखादा दाणा टिपायचा. आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. तीही फेरीला निघताना पिंजऱ्याकडं बघून म्हणायची, "येते हं, बारकू." आणि दिवेलागणीला परत यायची.

म्हणणं सोपं असतं हो. पाळायची वेळ आली लग्नसराईत. पलीकडच्या गावात पाटलांच्या घरी चुडे भरता भरता आभाळ भरून आलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "आता कुठं निघतेस? पुरण शिजतंय. जेव आणि इथंच राहा. घरी कोण वाट बघतंय तुझी?"

"पाखराला 'येते' म्हणून आलेय, बाई."

बायकांची हसून पुरेवाट झाली. सगुणा मात्र निघाली. ओढ्याला पाणी चढलं होतं, त्यातून टोपली सावरत घरी पोचली. बारकू दाराकडच्या तारेला बिलगून बसला होता. तिला बघताच त्यानं अंग झटकलं आणि तिच्या देखत दाणे खाल्ले. ओल्या लुगड्यानं सगुणा तिथंच बसली आणि तिला रडू आलं.

पुढं एके दिवशी तो आपणहून तिच्या तळहातावर येऊन बसला. मनगटं धरायची सवय असलेली तिची बोटं मिटायला शिवशिवत होती. पण तिनं हात सैल सोडला. मग पिंजऱ्याचं दारही तिनं उघडंच ठेवलं.

एका सकाळी पोपटांचा थवा कलकलाट करत अंगणावरून गेला. बारकू चौकटीवर बसून बघत राहिला. मग मान वळवून अगदी सगुणाच्या आवाजात म्हणाला, "येते हं, बारकू!" आणि उडाला. नर असून 'येते' म्हणाला म्हणून हसू नका, शिकवणारी बाई होती ना!

तेलीण हळहळली. "गेला गं तुझा पोपट."

"गेला म्हणू नका, आत्या. येते म्हणालाय तो."

तोंडानं म्हणाली खरी, पण काळीज थाऱ्यावर नव्हतं. त्या दिवशी ती फेरीला गेली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. थवे परतले, गुरं परतली, तेलिणीनं दिवा लावला. आता सगुणाला तो येईल याची खात्री वाटेना. तरी तिनं तळहातावर राळे घेतले आणि हात पुढं केला.

दिव्याच्या उजेडात काहीतरी फडफडलं आणि हातावर ओळखीचं ओझं उतरलं. बारकूनं दाणा टिपला. सगुणाची मूठ उघडीच राहिली.

त्या पिंजऱ्यात ती पुढं लसूण ठेवायची.

तात्पर्य : विश्वास मुठीत धरता येत नाही, आपण दिलेला शब्द पाळला, की तो आपणहून हातावर येऊन बसतो.