विहिरीची कितवी पायरी?

माणसांच्या राहणीचा अभ्यास कसा करावा, हे शिकवणारे एक वयोवृद्ध गुरुजी होते. त्यांचा एक शिष्य भारी उत्साही. चाळीस प्रश्नांची यादी घेऊन तो डोंगरावरच्या एका गावात आठ दिवस घरोघरी फिरला. नळ आधी कोणत्या गावाला द्यायचा, हे त्याच्या अहवालावरून ठरणार होते आणि अहवाल नवव्या दिवशी संध्याकाळी तालुक्याला जायचा होता. आदल्या रात्री गुरुजीही गावात मुक्कामाला आले.

सकाळी शिष्याने मोठ्या ऐटीत निष्कर्ष वाचून दाखवला, "येथे पाणी भरण्याचे काम स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे करतात. पाण्याचा फारसा त्रास नाही. नळ दुसऱ्या गावाला द्यावा."

गुरुजी उठले, आणि पारावर बसलेल्या पुरुषांना विचारू लागले, "मंडळी, तुमच्या विहिरीची कितवी पायरी हलते हो?"

शिष्य ओशाळला. विषय कोणता आणि गुरुजी विचारताहेत काय! वय झाले, असे म्हणून त्याने मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकले.

"हलते व्हय? तिसरी असंल," एक जण म्हणाला.

"छ्या! पायऱ्या भक्कम हायेत," दुसरा म्हणाला.

समोरच्या ओट्यावर धान्य पाखडणाऱ्या बायकांना हसू आवरेना. "सातवी!" त्या एकदमच ओरडल्या. "आन् भरला हंडा घिऊन वर येताना तर लईच!"

पारावरच्या एकाने टोपी काढून उगाचच झटकली.

शिष्याचा चेहरा पडला. "म्हणजे हे सगळे माझ्याशी खोटं बोलले?"

"छे रे, चांगली माणसं आहेत," गुरुजी म्हणाले. "आपण कसं असावं असं त्यांना वाटतं, ते त्यांनी तुला सांगितलं. तेही लिहून ठेव, कामाचं आहे. पण कोण काय करतं हे जाणून घ्यायचं असेल, तर जे केल्यावाचून कळत नाही, ते विचारायला शीक."

"पण तुम्हांला त्या पायरीचं कसं कळलं?"

गुरुजींनी धोतर जरासे वर केले. गुडघा चांगलाच खरचटला होता. "पहाटे तू निष्कर्ष लिहीत होतास ना, तेव्हा मी या बायकांबरोबर पाण्याला गेलो होतो. यांनीच मला हाताला धरून उठवलं."

शिष्याला आधी हसू फुटले. मग अहवालातले ते पान त्याने खोडले, एका घरून हंडा मागून घेतला आणि बायकांनाच वाट विचारली. नऊ दिवस तो या गावाचे पाणी पीत होता. विहीर त्याने अजून पाहिलीच नव्हती.