कबरीची उपकारस्तुती

शपथेवर सांगतो, गोष्ट अगदी खरी आहे. फक्त घडली तेव्हा मी जन्मलो नव्हतो.

फार पूर्वी राहेलबाईंकडे कबरी नावाची एकुलती एक कोंबडी होती. हंगामाच्या सणाला लोक चर्चमध्ये आपलं पीक वाहायचे, राहेलबाई कबरीचं अंडं. पण एका वर्षी सणाच्या सकाळी खुराड्यात अंडंच नाही!

“रिकाम्या हातानं देवाचे उपकार कसे मानू, बये? आता तुलाच वाहते.”

“बाई, अंडी पेंढ्यात लपवलीत मी,” कबरी रडवेली झाली. “पिल्लं हवीत मला.”

“मग राहू देत गं. आईचं हिसकून देवाला काय देऊ? नुसती सोबत चल.”

चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना सुरू झाली आणि कबरीनं राहेलबाईंच्या ओटीत ऊनऊन अंडं घातलं. वर पाळकसाहेबांपेक्षा मोठ्यानं ओरडली.

कोंबडी बोलली, हे मी रचलं. ओरडली, ते मात्र अख्ख्या गावानं ऐकलं.