युवराज बाद होत नाहीत!

युवराज रत्नसेन लगोरीत आजवर एकदाही बाद झाले नव्हते, आणि याच काळजीने राणीसाहेबांची झोप उडाली होती!

बाद होणार तरी कसे? खेळायला होतं कोण? सात शास्त्रीबुवा! भद्रसेन महाराजांनी भर दरबारात शब्द दिला होता, की दहा वर्षं पुरी होईपर्यंत युवराज राजवाड्याच्या बाहेर जाणार नाही आणि परकं पोर राजवाड्याच्या आत येणार नाही. पाठशाळेत काय मिळतं? उवा, शिव्या आणि सर्दी! त्यापेक्षा घरीच शिकू दे! आता खरं ते खरं, पोरगा शिकला मात्र झकास. एखादी गोष्ट कळली नाही तर कळेपर्यंत विचारायचा, आणि शास्त्रीबुवांनाही दुसरं काम नव्हतं. गणितात तो प्रधानजींच्या चुका काढायचा.

पण खेळाच्या वेळी! युवराजांचा चेंडू वाट चुकून तुळशीवृंदावनावर जायचा, तोवर ज्योतिषशास्त्री हळूच पायाच्या अंगठ्याने लगोरी पाडायचे. बाकीचे सहा जण माना डोलवायचे. "वा! वा! काय तो नेम!"

एके दिवशी हा सोहळा महाराज कौतुकाने बघत बसले होते. मागे म्हादबा छत्रधारी त्यांच्या डोक्यावर छत्र धरून उभा होता. त्याची लग्नाला आलेली लेक येसू त्याची भाकरी घेऊन आली होती. तिने तो अंगठा पाहिला आणि तिला खुदकन हसू फुटलं.

"कोण हसलं?" महाराज गरजले.

"मी, महाराज. खेळतायत ते शास्त्रीबुवा. युवराज नुसते उभे आहेत!"

"मी तरी दुसरं काय सांगतेय?" शेजारी बसलेल्या राणीसाहेबांना तोंड फुटलं. "दसऱ्याला दहा पुरी झाली की लगेच आजोळी जायचंय. माझ्या भावांची पोरं एकाहून एक द्वाड! हा तिथे गडी कसा मागायचा तेही विचारत बसेल. रडत परत येईल हो माझा बाळ!"

"म्हणून मी दिलेला शब्द मोडू?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "ए मुली, तू हसलीस ना? मग तूच त्याला पोरांत खेळायला शिकव! दसऱ्याच्या आत! पण युवराज राजवाड्याबाहेर जाता कामा नये आणि पोरं राजवाड्यात येता कामा नयेत. नाही जमलं तर तुझ्या बापाचं छत्र काढून घेईन!"

हे ऐकून म्हादबाचं छत्र असं कललं, की महाराजांच्या नाकावर ऊन आलं.

घरी आल्यावर तो कपाळाला हात लावून बसला. "पोरी, पदर तोंडात कोंबायला काय झालं होतं गं तुला? आज्यापासून छत्र धरतोय आपण!"

"आबा, धरायचं तुम्हीच आहे. फक्त उद्या जरा उंच धरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी येसू वाड्याच्या दरवाजात हजर! "महाराज, युवराजांचा हात धरा आणि छत्राखालून चला माझ्यामागे."

"चला काय? हा उंबरठा आहे! पलीकडे राजवाडा संपतो!"

"असं होय? मग गेल्या साली शिकारीला गेलात, तेव्हा रानात त्या धनगराला दंड कशाचा केलात?"

"राजवाड्यात शिंकला म्हणून!"

"रानात राजवाडा? आणि तो तर पलीकडच्या टेकडीवर होता!"

"अगं, खापरपणजोबांपासूनचा रिवाज आहे आमचा! आमचं छत्र जिथवर नजरेला पडतं, तिथवर राजवा..." आणि महाराज तोंड उघडं ठेवून थांबले.

सातही शास्त्रीबुवा एकमेकांकडे बघू लागले. रिवाज पक्का होता. म्हादबाने छत्र उंच केलं, सेवकांनी महाराजांची खुर्ची उचलली आणि राणीसाहेबांसकट सगळी वरात उंबरठा ओलांडून निघाली ती थेट पाठशाळेच्या पटांगणात. तिथे मधल्या सुट्टीत पोरांची लगोरी रंगली होती. "भिडू हवाय का रे?" येसूने विचारलं. युवराज खेळात शिरले न शिरले, तोच पाठीत चेंडू बसला. धप्प!

"बाद!" पोरं ओरडली.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. युवराज क्षणभर गोंधळले. मग त्यांचे कान लाल झाले. "मी नाही बाद! नुसता चाटून गेला!"

"चल हट! रडीचा डाव!"

"तूच रड्या!"

"भांडला!" राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, माझा बाळ भांडला!"

थोड्याच वेळात तंटा मिटला. पाठशाळेतली पोरं पाढे एका सुरात झकास म्हणायची, पण एकेकट्याला विचारलं की आभाळाकडे बघायची. कोणत्या गड्याने किती डाव घेतले, याचा हिशेब युवराजांनी चुटकीसरशी मिटवला. लगेच दोन्ही बाजूंना तेच भिडू हवे झाले!

एवढ्यात महाराजांनी मांडीवर थाप मारली. "सापडलीस! आता इथे राजवाडा आहे ना? मग ही सगळी परकी पोरं राजवाड्यात आली! अट मोडली!"

म्हादबाने छत्राचा दांडा घट्ट धरला. येसू मात्र शांतपणे म्हणाली, "पोरं कुठे आली, महाराज? ती सकाळपासून इथेच आहेत. आलाय तो राजवाडा! दंड करायचा तर त्यालाच करा!"

आधी महाराजांचं पोट हललं, मग मिशा हलल्या आणि मग ते असे खदखदून हसले, की लगोरी आपोआप पडली! "शाबास, येसू! सकाळी वाड्यात धडे आणि दुपारी इथे खेळ! तुला पाच बिघे जमीन आणि भरजरी शालू! आणखी काय हवं ते माग!"

"एवढंच, महाराज. आबांचे हात भरून आलेत. छत्र जरा खाली ठेवू द्या."

"खबरदार!" महाराज ताडकन उठले. "छत्र खाली आलं तर युवराज राजवाड्याबाहेर पडेल! आण तो दांडा इकडे!"

आणि डाव संपेपर्यंत भद्रसेन महाराज स्वतः छत्र धरून उन्हात उभे राहिले, अन् म्हादबा त्यांच्या खुर्चीत ऐसपैस बसून गडी मोजत होता!