ओरेस्ते मास्तर आणि कुंपणाबाहेरचा माणूस

इटलीच्या उत्तरेला जमीन ताटासारखी सपाट आहे आणि हिवाळ्यातलं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. त्या मुलखातल्या वाल्तोरे गावात ओरेस्ते नावाचे एक गृहस्थ राहत. चीजच्या गोदामात ते पारखी होते. जात्याच्या तळीएवढे चीजचे गोल तिथे फळ्यांवर महिनोन्‌महिने मुरत पडलेले असत. ओरेस्ते लहानशा हातोडीने प्रत्येकावर टकटक करत, कान लावून ऐकत, आणि आत कुठे पोकळी आहे, कुठे तडा गेलाय ते सांगत. तीस वर्षांत त्यांचा अंदाज क्वचितच चुकला होता.

संध्याकाळी हेच ओरेस्ते गावच्या फुटबॉल क्लबात मुलांचे मास्तर असत. तेरा ते सतरा वयाची चाळीसेक पोरं त्यांच्या हाताखाली होती. कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, मोठ्या संघाच्या दारापर्यंत कोणाला न्यायचं, हे सगळं तेच ठरवत. इथेही त्यांची नजर पोकळी शोधत फिरायची. एखाद्या पोराने दोघांना चकवलं, की मास्तर म्हणत, "तिसरा याला अडवेल." पोराने नेमका पास दिला, की म्हणत, "चेंडू पायात ठेवायची भीती वाटते याला." गोल केला, तर वारा कुठल्या बाजूचा होता ते बघत. बुटक्या पोरांवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ती धक्क्याने पडतील. उंच पोरांवरही नव्हता, कारण ती उंचीच्या जिवावर खेळतात.

याचा परिणाम असा झाला, की अकरा वर्षांत वाल्तोरेचा एकही मुलगा मोठ्या संघात पोचला नाही. त्या संघात दूरदूरहून आणलेले, पस्तिशी गाठलेले गडी खेळत. गावच्या कॅफेत टीव्ही चालू असे आणि त्यावरचे जाणकार चिंतेने विचारत, "आपल्या देशात पूर्वीसारखे खेळाडू का निघत नाहीत?" ओरेस्ते कॉफीचा कप खाली ठेवून म्हणत, "निघतील कुठून? आताच्या पोरांत दमच नाही." आणि कॅफेतले सगळे मान हलवत.

मास्तर जन्मापासून असे नव्हते. पूर्वी एकदा एका मुलाची त्यांनी गावभर तारीफ केली होती. तो मुलगा पहिल्याच मोसमात ढेपाळला आणि लोक मास्तरांना हसले. ते हसणं त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. तेव्हापासून जो मुलगा आवडेल, त्याच्यावर त्यांचा संशय दुप्पट असे.

आणि एल्विओ त्यांना फार आवडायचा.

एल्विओ सोळा वर्षांचा होता. खांदे अरुंद, बोलणं कमी, पण चेंडू पायाशी आला की मैदानावर सगळ्यांना मोकळी जागा दिसू लागायची. त्याची आई इवाना इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. मुलगा सरावाला एक दिवस चुकत नसे. मास्तर त्याच्याकडे बघताना नकळत हसत, आणि हसतोय हे लक्षात आलं की ओठ घट्ट मिटून घेत.

फेब्रुवारीत एक दिवस कुंपणाबाहेर राखाडी कोट घातलेला एक माणूस दिसला. हातात वही होती. तो मैदानाकडे बघायचा, काहीतरी लिहायचा, दोन पावलं पुढे जायचा, पुन्हा लिहायचा. मास्तरांनी लगेच ताडलं. हा कोण्या मोठ्या क्लबाचा माणूस असणार, पोरं हेरायला आलेला!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर एल्विओ स्वतःहून कुंपणाशी गेला. दोघं बराच वेळ बोलले. मुलाने मैदानाच्या कोपऱ्याकडे हात करून काही दाखवलं. माणूस हसला आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

मास्तर पाण्याच्या नळाआड उभे राहून हे सगळं बघत होते. चार पावलं चालून विचारता आलं असतं. ते गेले नाहीत. विचारलं तर तो खोटंच सांगणार, अशी त्यांची खात्री होती.

मग त्यांना सगळीकडे खुणा दिसू लागल्या. एल्विओ नवे बूट घालून आला.

"हे कुठून आणलेस?" मास्तरांनी विचारलं.

"मामाने पाठवले."

"मामा कुठे असतो?"

"आल्प्सपलीकडे. बेकरीत काम करतो."

आजवर ज्याचं नाव निघालं नाही, असा मामा अचानक कुठून उगवला, असं मास्तरांच्या मनात आलं. एका मंगळवारी मुलगा सराव अर्धा टाकून गेला. आईला डॉक्टरकडे न्यायचंय, म्हणाला. बरी आजारी पडली आई, मास्तर मनात म्हणाले. एल्विओचं उत्तर चटकन आलं तर त्यांना ते पाठ केलेलं वाटायचं, आणि अडखळत आलं तर रचलेलं. बिचाऱ्याकडे तिसऱ्या तऱ्हेचं उत्तर नव्हतं.

मे महिना आला. मोसमातला शेवटचा सामना उरला होता. हरला तर वाल्तोरेचा संघ खालच्या गटात घसरणार होता. सामन्याच्या तीन दिवस आधी मोठ्या संघाचे प्रशिक्षक रेनातो सकाळीच चीजच्या गोदामात आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मास्तर, मधल्या फळीतले माझे दोघं जखमी होऊन पडलेत. उरलाय तो एकटा, आणि त्याचा गुडघा बांधलेला आहे. तुमच्या एल्विओला घेऊ का? तो भरवशाचा आहे का, तेवढं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी डोळे मिटून घेतो."

हो म्हणावं, असं ओरेस्तेंच्या तोंडावर आलं होतं. पण मुलगा चुकला तर? पुन्हा गाव हसेल. आणि तो राखाडी कोट?

"पायांचं म्हणशील तर एक नंबर आहे," ते म्हणाले. "पण त्याचं मन इथे नाही. बाहेरच्या क्लबाशी त्याची बोलणी चाललीयेत."

"नक्की? तुम्ही स्वतः ऐकलंत?"

मास्तरांनी हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी एक शब्दही ऐकला नव्हता.

"ऐकलं," ते म्हणाले.

रेनातोंनी मान खाली घातली आणि ते निघून गेले.

रविवारी एल्विओ आईशेजारी प्रेक्षकांत बसला होता. गुडघा बांधलेला गडी मैदानात उतरला आणि जीव तोडून खेळला. शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्या पायातून चेंडू सुटला. समोरच्यांनी तो थेट जाळ्यात घातला. वाल्तोरे हरलं आणि खालच्या गटात गेलं. मोठी माणसं रडत घरी गेली. मास्तरांनाही वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी सुटकाही होती. निदान मास्तरांनी निवडलेला मुलगा चुकला, असं कोणी म्हणणार नव्हतं.

त्यांचं बोलणं मात्र गोदामात थांबलं नाही. चार दिवसांत ते गावभर झालं. पावाच्या दुकानात बाया इवानाला विचारू लागल्या, "कुठल्या क्लबात चाललाय गं तुझा लेक? गाव बुडालं तरी चालेल का त्याला?" सोबतची पोरं एल्विओशी बोलेनाशी झाली. तो सरावाला यायचा, एकटाच भिंतीवर चेंडू मारायचा आणि निघून जायचा. मास्तर हे बघत आणि स्वतःला समजावत, की ज्याच्या मनात काही नसतं तो असा गप्प राहत नाही.

जूनमध्ये राखाडी कोटवाला परत आला. ऊन कडक होतं, म्हणून कोट हातावर होता. सोबत चार मजूर होते आणि गाडीत सिमेंटचे पाइप होते. या वेळी मास्तर तरातरा चालत त्याच्यासमोर गेले.

"कुठल्या क्लबाचे तुम्ही?"

"क्लब?" माणूस गोंधळला. "मी नगरपालिकेचा. गटारांचं काम बघतो. तुमच्या मैदानाचं पाणी मागच्या गल्लीत शिरतं, म्हणून मोजणी करत होतो."

"मग त्या मुलाशी काय बोलत होतात?"

"तो बारीकसा? त्यानेच मला सांगितलं, की पावसात त्या कोपऱ्यात तळं होतं आणि लहान मुलं तिथे घसरून पडतात. आधी तिथला पाइप टाका म्हणाला." माणसाने मास्तरांकडे नीट पाहिलं. "तुम्ही नळाजवळ उभे असायचात ना? मला वाटायचं, येतील विचारायला. पण तुम्ही कधी आलाच नाहीत."

मास्तर घरी गेले. एवढं ऐकूनही त्यांच्या मनाने हात टेकले नाहीत. हा माणूस नगरपालिकेचाच कशावरून? त्यांनी नगरपालिकेत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी त्या माणसाचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि पाइप कधी बसतील तेही सांगितलं. मास्तरांनी फोन ठेवला. आता संशय घ्यायला त्यांच्याजवळ एकच माणूस उरला होता. त्याच्याकडे बघायला आरशाचीही गरज नव्हती.

ते तसेच एल्विओच्या घरी गेले. दार इवानाने उघडलं. आत पलंगावर उघडी बॅग होती आणि मुलगा कपड्यांच्या घड्या घालत होता.

"माझा भाऊ राहतो, तिथल्या क्लबाने याला बघायला बोलावलं होतं," इवाना म्हणाली. "गेल्या आठवड्यात गेला होता. त्यांनी ठेवून घेतलाय. उद्या निघतोय."

"गेल्या आठवड्यात," मास्तर म्हणाले. "म्हणजे फेब्रुवारीत नाही."

"फेब्रुवारीत त्याला इथेच खेळायचं होतं. भाऊ तीन वर्षं बोलावत होता. हाच नाही म्हणायचा."

मास्तर मुलाकडे वळले. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "माझं चुकलं, एल्विओ. मी खोटं बोललो."

एल्विओने घडी पूर्ण केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सहन झालं नाही.

"मास्तर, तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत. मी खरं सांगितलं असतं."

"मला ते खरं वाटलं नसतं," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे," मुलगा म्हणाला. "म्हणून तर चाललोय."

दुसऱ्या दिवशी तो गेला. आल्प्सपलीकडच्या त्या क्लबाने त्याला वर्षभरात मोठ्या संघात उतरवलं. पहिले दोन महिने तो पुष्कळ चुकला. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. पुढे त्याचं नाव वर्तमानपत्रांत येऊ लागलं आणि वाल्तोरेच्या कॅफेत लोक म्हणू लागले, "आपला एल्विओ!" मास्तर तेव्हा उठून बाहेर जात.

पण ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी, तो गेला त्याच महिन्यात क्लबाची वार्षिक सभा भरली. संघ खाली का गेला यावर बोलणी चालली होती. कोणी मैदानाला दोष देत होतं, कोणी पंचांना. ओरेस्ते उभे राहिले.

"रेनातोंनी एल्विओला मागितलं होतं. मी अडवलं. त्याची कोणाशीही बोलणी नव्हती. मी ऐकलं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. जे जे त्याच्या आईला टोचून बोलले, त्यांनी ते मला बोलावं."

क्लबाचे अध्यक्ष घाईने म्हणाले, "बसा मास्तर. झालं ते झालं."

मास्तर बसले नाहीत. "मला काढायचं असेल तर काढा. ठेवणार असाल तर येत्या मोसमात माझी दोन पोरं मोठ्या संघात खेळतील. ती चांगलीच खेळतील, असं वचन मी देत नाही. ती खेळतील, एवढंच सांगतो."

बरीच कुरकुर झाली. शेवटी रेनातो म्हणाले, "मला चालेल." आणि ते ठरलं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सतरा वर्षांचे तुल्लिओ आणि साव्हेरिओ मोठ्या संघातून मैदानात उतरले. वाल्तोरे तीन-शून्यने हरलं. पहिला गोल तर सरळसरळ तुल्लिओच्या चुकीमुळे झाला. त्याने दिलेला पास अर्ध्यापर्यंतच पोचला आणि समोरच्याने उचलला. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. अध्यक्ष मागे वळून म्हणाले, "बघितलंत मास्तर? पोरं कच्ची आहेत अजून."

ओरेस्तेंच्या मनात तो जुना आवाज जागा झालाच. आत तडा असणार, तो आवाज म्हणाला. मास्तर उठले आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले. तुल्लिओ भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाकीचे त्याच्याकडे बघायचं टाळत होते. मास्तर त्याच्या शेजारी बसले, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मनात उत्तर न ठरवता विचारलं.

"तो पास देताना तुला काय दिसलं?"

तुल्लिओने डोळे पुसले. "साव्हेरिओ पलीकडे मोकळा होता. त्याच्यामागे कोणीच नव्हतं."

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटून ते मैदान आठवलं. साव्हेरिओ खरंच मोकळा होता. कोणाला दिसलं नव्हतं. त्यांनाही नाही.

"बरोबर दिसलं होतं तुला," ते म्हणाले. "पास जरा जोरात द्यायला हवा होतास, बास."

मग ते उठले. दारात रेनातो आणि अध्यक्ष उभे होते.

"पुढच्या रविवारी हेच दोघं," मास्तर म्हणाले.

तात्पर्य: संशय घेत दूर उभं राहण्यापेक्षा जवळ जाऊन विचारावं. आणि नव्या मुलांना संधी दिली, तर चुकायलाही जागा द्यावी. नाहीतर ती आपल्या अंगणात वाढतात आणि परक्याच्या अंगणात बहरतात.