विरजण मागायला गेलेली प्रधानीण

हं, हातपाय आत घ्या. पांघरुणाची ओढाओढ नको. आज माझी कंबर मोडलीये, तेव्हा मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. पडल्या पडल्या ऐकायचं.

एक होता राजा. असेना का! आज आपल्याला त्याचं काही काम नाही. तो गेलाय शिकारीला, यायला उशीर आहे. आपली गोष्ट त्याच्या प्रधानाच्या बायकोची. नाव तिचं भिवरा.

तर ही भिवरा प्रधानीण. घर केवढं, तर या दारातून हाक मारली तर त्या दाराला ऐकू जाऊ नये. गोठ्यात गायी, दारात मेणा, हाताशी दासी. नवरा भला माणूस, पण सदा दरबारात. मुलगे मोठे झाले, परगावी गेले. बाईला इकडची काडी तिकडे करावी लागत नव्हती. सकाळी उठायचं, झोपाळ्यावर बसायचं. संध्याकाळी झोपाळ्यावरून उठायचं, पलंगावर पडायचं. आणि तरी बाई दमलेली! काम करून दमलेलं माणूस झोपतं तरी. हिच्या डोळ्याला डोळा नाही. वैद्य आले, नाडी बघितली, म्हणाले, बाईसाहेबांना काहीही झालेलं नाही. मग गेले आपले शिधा घेऊन.

आणि बरं का, त्या घरात एक नवल होतं. त्या घरात दही लागायचं नाही. विरजण ठाऊक आहे ना? कालच्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवायचं, ते आजच्या कोमट दुधात घालायचं, की सकाळी दही तयार. पण भिवराच्या घरी काही घाला, दूध आपलं दूधच. आंबायचं नाही, नासायचंही नाही. राणीच्या मुदपाकखान्यातून विरजण आणलं. नाही लागलं. मग गवळीवाड्यातून आणलं. नाही लागलं. मग चांदीचा रुपया टाकून पाहिला, मिरच्यांची देठं टाकून पाहिली. छे! दही नाही म्हणून ताक नाही, लोणी नाही, घरचं तूप नाही. शेजारणी म्हणायच्या, "भाग्याच्या हो तुम्ही, तुमच्याकडे दूधसुद्धा नासत नाही!" भिवरा हसायची. हसायचं म्हणून हसायची.

एकदा काय झालं, वैशाखातलं ऊन. रस्त्यावर कुत्रं नाही. एक म्हातारा गोसावी दारात आला. ओठ सुकलेले, पायांना फोड. म्हणाला, "माई, वाटीभर ताक वाढ."

भिवराने चांदीच्या पेल्यात केशराचं दूध आणवलं. गोसावी म्हणाला, "दूध मला सोसत नाही गं. ताक असेल तर दे." ताक कुठून देणार? गेला बिचारा तसाच.

दुसऱ्या दिवशी परत आला. "माई, वाटीभर ताक." भिवराने बासुंदी पुढे केली, पेढे पुढे केले. त्याने मान हलवली. गेला तसाच, उन्हातून.

तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा भिवराने काही आणवलंच नाही. उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "महाराज, माझ्या घरी ताक नाही. दहीच लागत नाही इथे."

"विरजण कुठून कुठून आणलंस?"

"सगळीकडून आणलं."

"सगळीकडून?"

भिवरा म्हणाली, "एक घर सोडून."

ते घर होतं तिच्या धाकट्या बहिणीचं. येसूचं. येसू माहेरच्याच गावात राहिलेली, आईजवळ. आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली. येसूने तिचं सगळं केलं. आणि आई गेली तेव्हा येसूने थोरल्या बहिणीला कळवलं नाही. सांगावा नाही, निरोप नाही. तेरावं झाल्यावर कुणा गुराख्याकडून भिवराला कळलं. आईचं शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही हो! मग भिवराला असा राग आला, असा राग आला, की विचारू नका. तिच्या घरचं दही आईच्याच विरजणाचं होतं. लग्नात आईने वाटीत घालून दिलेलं, तेव्हापासून चालत आलेलं. भिवराने ते दह्याचं मडकं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन फोडलं. म्हणाली, "त्या घरचं मला काही नको." आणि तेव्हापासून त्या घरात दही लागलं नाही ते नाहीच.

हे सगळं गोसाव्याने ऐकून घेतलं. चूक कुणाची, बरोबर कोण, काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मी थकलो, माई. परवा एकदा येईन. तेव्हाही विन्मुख गेलो, तर या दारात पुन्हा येणार नाही." काठी टेकत टेकत निघून गेला.

आता आली का पंचाईत! दारातून अतिथी तीनदा उपाशी गेलेला. चौथ्यांदा गेला, तर देवच गेला म्हणायचा. भिवराला वाटलं, माझ्या हातचं वाटीभर ताक कुणाला मिळू नये, मग एवढ्या मोठ्या घरात मी आहे कशाला? त्याच दिवशी दुपार टळल्यावर तिने मेणा काढायला सांगितला. एक वाटी पदराखाली घेतली आणि निघाली.

वाट काही फार नव्हती. पण बाईचं मन लागलं मागे ओढायला. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाली, "थांबा, परत फिरू." भोई थांबले. मग म्हणाली, "बरं, चला." आमराईपाशी पुन्हा तेच. भोई एकमेकांकडे बघायला लागले. गावाची वेस आली. तिथे देवीचं लहानसं देऊळ. भिवरा खाली उतरली आणि देवीसमोर उभी राहिली. घरच्या देव्हाऱ्यात रोज फुलं घालणारी बाई ती, पण मागायचं कधीचंच विसरून गेली होती. आता म्हणाली, "आई, मला तिला क्षमा करता येत नाही. खोटं कशाला बोलू? पण माझे पाय तेवढे पुढे चालू दे." आणि मेणा तिथेच सोडून पायी निघाली.

येसूच्या दारात पोचली, तेव्हा तिन्हीसांज झालेली. येसू तुळशीपुढे दिवा लावत होती. केस पिकलेले, लुगड्याला ठिगळ.

"कोण ते?"

"मी."

"मी कोण?"

"भिवरा."

येसूच्या हातातली वात तशीच राहिली. भिवराने पदराखालची वाटी काढली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "विरजण हवंय. देणार असशील तर दे, मी जाते."

येसूने वाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "दिवेलागणीला घरातलं विरजण बाहेर देत नाहीत, अक्का. लक्ष्मी जाते. आईनेच शिकवलंय ना आपल्याला? सकाळी ने."

आता काय करता? रीत म्हणजे रीत. प्रधानीण असली म्हणून रीत बदलते होय! भिवराला राहावं लागलं. ओसरीवर अंग चोरून बसली.

येसूने विचारलं, "जेवलीस का?"

एवढंच विचारलं हो तिने. पण प्रधानाच्या घरी भिवराला हे कुणी विचारायचंच नाही. तिथे ताट वाढलेलंच असायचं. येसूने पुढ्यात दहीभात ठेवला. भिवराने पहिला घास घेतला. तीच चव, आईच्या हातची. आणि बाई लागली रडायला. आई गेली तेव्हा रागावली होती, रडली नव्हती. ते सगळं रडू तेव्हा आलं.

रडता रडताच म्हणाली, "येसू, तू मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस."

येसू म्हणाली, "नाही दिलं. मुद्दाम नाही दिलं. आई दोन वर्षं अंथरुणावर होती, अक्का. तू आंब्यांच्या करंड्या पाठवल्यास, भारी लुगडी पाठवलीस. आई ती उशाशी घेऊन पडायची. म्हणायची, लुगडं आलं गं, लेक कधी यायची? मग मला राग आला. म्हटलं, जितेपणी आली नाही ना, आता मेल्यावरही नको. वाईट वागले मी. तेव्हापासून आईच्या नावाने फूल वाहायला मन धजत नाही."

करंड्या भिवरानेच पाठवल्या होत्या. मेणाही सदा तिच्या दारातच होता, आणि वाट फार नव्हतीच.

डोळे पुसून भिवरा म्हणाली, "येसू, तू चुकलीस ती चुकलीसच. पण मी दमले गं. हा राग उचलून उचलून माझे खांदे गेले. आता नाही उचलायचा मला. तुझं सगळं मी पोटात घातलं. माझंही तू घाल."

"घातलं, अक्का," येसू म्हणाली. मग तीही रडली. मग दोघींनी मिळून दहीभात संपवला. भूक लागतेच की, रडल्यावर तर जास्तच. आणि येसूने अंथरलेल्या घोंगडीवर भिवराला अशी झोप लागली, अशी झोप लागली, की उन्हं अंगावर आली तरी जाग नाही.

सकाळी येसूने वाटीभर विरजण दिलं. भिवरा वेशीपाशी जाऊन मेण्यात बसली. आता घरी जायचं, दूध विरजायचं, दुसऱ्या दिवशी ताक करायचं आणि गोसाव्याला वाढायचं. पण आमराईपाशी बघते तर काय, गोसावी झाडाखाली पडलेला! डोळे अर्धे मिटलेले.

"तुझ्याकडेच निघालो होतो, माई. आता पाय उचलत नाहीत. ताक आहे का गं?"

भिवराने वाटीकडे पाहिलं. एवढंच विरजण. हे दिलं, तर घरी काय लावणार? मन घुटमळलं बरं का, नाही असं नाही. माणूसच ती. पण मग खाली उतरली, ओढ्याचं पाणी आणवलं, भोयांच्या तांब्यात ते दही घातलं, आपल्या हाताने घुसळलं आणि गोसाव्याच्या तोंडाला लावलं. तो घटाघटा प्यायला. थेंब ठेवला नाही.

तोंड पुसून म्हणाला, "आणि आता तुझ्या दुधाला काय लावशील?"

भिवरा हसली. यावेळी खरं हसली. म्हणाली, "त्यात काय एवढं? बहिणीचं घर आहे ना!" आणि भोयांना म्हणाली, "फिरवा रे मेणा." मागे वळून बघते, तर झाडाखाली कुणी नाही. नुसती सावली.

कोण होता तो? विचारायचं नाही म्हटलं ना! मोठे व्हाल तेव्हा कळेल, नाही कळलं तरी चालेल.

मग भिवराने दुसऱ्यांदा विरजण आणलं. रात्री दुधाला लावलं, आणि सकाळी असं दही, की सुरीने कापावं. ताक झालं, लोणी झालं, तूप झालं. वाटेने जाणारा कुणीही त्या दारातून ताक पिऊन जाऊ लागला. बाई स्वतः घुसळायची. दमायची, पण आता झोपायची. प्रधानजीही घरी जेवायला यायला लागले.

पण एक खोड तिला लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ती सगळं दही वाढून टाकायची, विरजणापुरतंही ठेवायची नाही. मग रिकामी वाटी पदराखाली घ्यायची आणि येसूच्या दारात जाऊन उभी राहायची. सकाळी नाही हं, दुपारी नाही. बरोबर दिवेलागणीला.

येसू म्हणायची, "आत्ता देत नाहीत, अक्का. सकाळी ने."

आणि भिवरा म्हणायची, "बरं बाई, तुझंच खरं," आणि आत जाऊन पाय धुवायची.

झालं. त्या दोघी सुखात राहिल्या. आता त्याही निजल्यात आणि मलाही निजू दे. दिवा बारीक कर गं कुणीतरी.