शिळेवरचा अर्धा शब्द

एका राज्यात समुद्रकाठी एक नगर होते, आणि काय ते नगर होते! शिंपल्यांच्या चुन्याने लिंपलेल्या भिंती, परसात सुपारी, दारोदारी वाळत घातलेली मासळी. आता तसे नगर कुठे राहिले? त्याच्या वेशीवर एक शिळा होती आणि तिच्यावर कोरले होते, 'समुद्र हटला की वर'. पुढचा तुकडा मात्र मोडलेला. फार पूर्वी काळंभट नावाच्या मांत्रिकाने तिथल्या राजाला बजावले होते, की रेतीवर राजवाडा बांधू नकोस. राजाने ते हसण्यावारी नेले. मांत्रिकाने रागाच्या भरात शिळेचा तुकडा फोडला आणि शाप दिला, "उरलेले तुम्हांला उलटे कळेल."

तसेच झाले. 'वर' म्हणजे वरदान, असे सगळे समजून बसले.

त्या भूमीखाली दोन कासवे राहत, एक दर्याचे आणि एक डोंगराचे. दर्याचे कासव डोंगराच्या कासवाखाली शिरू पाही, पाठ अडके, आणि दोन-तीन पिढ्यांनी एकदाची निसटे. मग धरणी हाले, समुद्र कोसभर मागे जाई आणि तळाशी बुडालेल्या नगरीचे सोने चमके. लोक टोपल्या घेऊन खाली धावत. घटकाभराने समुद्र परत येई. जे उरत ते म्हणत, वर घेताना आपला काहीतरी विधी चुकला.

मागच्या खेपेला राजकन्या कुमुदवती आठ वर्षांची होती आणि तिचा भाऊ रत्नध्वज तान्हा. त्या दिवशी त्यांची आई गेली. सगळ्यांच्या आधी राणी वर घ्यायला धावली, असे गाणे नगरात दर सणाला म्हणत. कुमुदवतीला त्या गाण्याची लाज वाटे, आणि आईची लाज वाटते म्हणून वाईटही वाटे. आता तिचे केस पांढरे झाले होते. तिने ज्याला कडेवर घेऊन वाढवले ते बाळ राजा झाले होते, आणि तिला दुसरे कोणी नव्हते.

एके सकाळी खंड्या पक्षी तिच्या खिडकीत येऊन बोलला, "राजकन्ये, कासव तीन दिवसांत निसटेल. काळंभटाला गाठ."

तिने हे राजाला सांगितले. राजा आनंदाने उठून उभा राहिला. "ताई, माझ्या राजवटीत वर येणार! आईसारखा मीच पुढे जाईन." आणि त्याने टोपल्या विणायची दवंडी पिटवली. कुमुदवती तडक भूशिरावर काळंभटाच्या गुहेकडे निघाली.

काळंभट आता इतका म्हातारा झाला होता, की रागवायचेही विसरला होता. "तीन कामे कर," तो म्हणाला. "पहिले, खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात पुरुषभर खण."

तिने खणले. काळा चिखल लागला, मग समुद्राची पांढरी रेती, मग पुन्हा चिखल, पुन्हा रेती. रेतीचे सात थर होते.

"समुद्र सात वेळा आला," मांत्रिक म्हणाला. "आता खाडीतल्या मेलेल्या झाडांना विचार, कशाने मेलात."

झाडे खाऱ्या पाण्यात निष्पर्ण उभी होती. ती म्हणाली, "कासव निसटले तेव्हा आमच्याखालची जमीन कमरभर खचली. मुळांत खारे पाणी शिरले. त्याआधी तुझी आई तुला घेऊन इथे करवंदे खायला येत असे." कुमुदवतीला ती जांभळी झालेली बोटे आठवली. ती तिथे बराच वेळ बसली.

तिसऱ्या दिवशी मांत्रिक म्हणाला, "आता तो दिवस सांग. काही गाळू नकोस."

"धरणी हालली. आईने बाळ माझ्या कडेवर दिले. ती रेतीकडे धावली आणि 'वर! वर!' ओरडली. लोक आणखी जोरात पळाले."

"तिचा हात कुठे होता?"

कुमुदवतीने डोळे मिटले. इतकी वर्षे तिला आवाज आठवत होता, हिरवे लुगडे आठवत होते. हात तिने कधी पाहिलाच नव्हता. तो डोंगराकडे होता. आई डोंगरची लेक. तिच्या माहेरी 'वर' म्हणजे उंचावर, या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. ती लोकांना परत फिरवायला धावली होती.

"शिळेचा तुकडा द्या," ती रडत म्हणाली.

"त्याचा कधीच भुगा झाला. त्याच्यावर 'चढा' होते. जा."

ती वाटेत असतानाच धरणी हालली. किनाऱ्यावर पोचली तेव्हा समुद्र दूर गेला होता, सोने चमकत होते आणि सर्वांच्या पुढे राजा होता. तिच्या ओठांवर 'वर' आला, आणि तिने तो गिळला. त्याच शब्दाने आईचा घात केला होता.

"चढा!" ती ओरडली. "डोंगर चढा!" कोणी वळेना. मग तिने धावत पुढे जाऊन भावाचा दंड धरला. "रत्नध्वजा, आई सोन्यासाठी गेली नाही. ती डोंगराकडे हात दाखवत होती. मी पाहिले आहे."

"तू कधी खोटे बोलली नाहीस, ताई," राजा म्हणाला. त्याने टोपली फेकली आणि डोंगराची वाट धरली. राजा चढला म्हणून प्रजा चढली. एक आजीबाई तेवढी शेवटपर्यंत भांडत होती, की दोन मोहरा तरी उचलू द्या. तिला चौघांनी उचलून नेले.

समुद्र आला आणि नगर घेऊन गेला. माणूस मात्र एकही गेला नाही, आणि शाप तिथेच सुटला. पुढे नवे नगर डोंगरावर वसले. वरदानाला लोक 'देणे' म्हणू लागले, आणि लग्नातल्या वराला नुसते नवरा.

पण त्या संध्याकाळी सगळे वर बसून खालचे पाणी पाहत होते, तेव्हा म्हातारा राजा बहिणीजवळ सरकला. "ताई, मला आईचा चेहरा आठवत नाही. ती दिसायची कशी?"

"सांगते," कुमुदवती म्हणाली, आणि आयुष्यात प्रथमच मान वर करून ती आईबद्दल बोलू लागली.

ही कहाणी रेतीवरून निघाली, डोंगरावर विसावली. ऐकणाऱ्यांचे पाऊलही वेळेवर चढो.